साताऱ्याहून पुण्याला: उलट स्खलनाच्या निदानाचे आणि उपचाराचे एक वर्ष

मला वयाच्या पंधराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. ज्या काळाबद्दल लिहितो आहे त्या काळात मी छत्तीस वर्षांचा होतो, म्हणजे इन्शुलिन टोचून घेण्याची सवय एकवीस वर्षांची झाली होती. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, पायांची तपासणी, किडनीसाठी लघवीतील प्रथिनांची तपासणी या सगळ्या गोष्टी मी दरवर्षी न चुकता करून घेत होतो. मधुमेहाने मज्जातंतूंवर परिणाम होतो हे मला माहीत होते. पण तो परिणाम तळपायाच्या मुंग्यांपुरताच असतो, असे मी धरून चाललो होतो.

आमचे लग्न मे २०१९ मध्ये झाले. मूल हवे असे २०२१ पासून वाटू लागले, आणि दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आम्ही साताऱ्यातील एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. पुढचे दोन महिने सगळ्या तपासण्या पत्नीच्याच झाल्या. रक्तातील एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती आहे हे सांगणारे संप्रेरक), थायरॉइड, प्रोलॅक्टिन, मग दिवसाआड सोनोग्राफी आणि शेवटी गर्भनलिकांचा एक्स-रे. या एक्स-रेनंतर ती रिक्षात पोट धरून बसली होती. सगळे मिळून नऊ हजार रुपये खर्च झाले आणि सगळे अहवाल उत्तम आले. त्यानंतर डॉक्टरांनी कागदावर एक ओळ लिहिली: पतीचे वीर्य तपासून आणणे. ही सातशे रुपयांची तपासणी, जिच्यात सुईसुद्धा टोचली जात नाही, ती सगळ्यांत शेवटी का सांगितली गेली, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. जोडप्याने दवाखान्याची पायरी चढल्याच्या पहिल्या आठवड्यातच ती करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. २०२१ च्या आसपासपासून वीर्य फार कमी येत होते, कधी कधी तर जवळपास येतच नव्हते, हे मला माहीत होते. ताठरता नीट होती, कामसुखाची भावनाही पूर्वीसारखीच होती. म्हणून हा आजार असेल असे कधी मनात आले नाही. शरीर थकले की 'धातू' कमी होतो, अशी काहीतरी समजूत लहानपणापासून डोक्यात बसलेली होती. एस.टी. स्टँडच्या भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती वाचतच आमची पिढी मोठी झाली. रक्ताच्या चाळीस थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो, हे वाक्य शाळेत असताना ज्याने ऐकले नसेल असा मुलगा मला भेटलेला नाही. या भीतीतून येणाऱ्या दुखण्याला मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्र नाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असे नाव दिले, हे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाले. त्याआधी मी चोवीसशे रुपयांचे एक चूर्ण दुधातून घेऊन संपवले होते. त्याने माझी साखर वाढण्यापलीकडे काही झाले नाही, आणि पत्नीला मी ते बी-कॉम्प्लेक्स आहे असे सांगितले होते.

पहिला नमुना ९ जानेवारी २०२४ रोजी दिला. प्रयोगशाळेतून आदल्या दिवशी झाकणाची प्लास्टिकची डबी आणली होती. नमुना देण्याआधी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस स्खलन झालेले नसावे, डबीखेरीज दुसऱ्या कशातही नमुना घेऊ नये, साबण, तेल किंवा कंडोम वापरू नये, नमुना घेतल्याची वेळ डबीवर लिहावी आणि तासाभराच्या आत आणून द्यावा, एवढ्या सूचना मिळाल्या. डबी थंड पडू नये म्हणून ती शर्टाच्या आतल्या बाजूला ठेवावी, हे मात्र काउंटरवरच्या मावशींनी हळूच सांगितले. ती सूचना सगळ्यांत उपयोगाची होती, कारण जानेवारीतल्या सकाळी साताऱ्यात स्कूटरवर बोचरा वारा लागतो. पोहोचल्यावर आतून एक मुलगा 'सिमेनवाले कोण आहेत?' असे मोठ्याने विचारत बाहेर आला. बाकावर बसलेल्या दहा-बारा जणांपैकी दोघे मला ओळखत होते.

संध्याकाळी अहवाल मिळाला. एकूण प्रमाण ०.३ मिलिलिटर, शुक्रजंतू शून्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत प्रमाणाची खालची मर्यादा १.४ मिलिलिटर आणि एका स्खलनातील एकूण शुक्रजंतूंची खालची मर्यादा ३ कोटी ९० लाख दिलेली आहे. ज्यांच्या पत्नींना वर्षभराच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून हे आकडे काढलेले आहेत. त्याहून कमी म्हणजे मूल होणारच नाही, असा त्यांचा अर्थ नाही. पण माझा आकडा थोडा कमी नव्हता, तो शून्य होता. एका अहवालावरून निष्कर्ष काढू नये म्हणून तीन आठवड्यांनी, ३० जानेवारीला, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासणी केली. आकडे जवळपास तेच आले. स्त्रीरोगतज्ज्ञांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि दात्याचे वीर्य वापरण्याचा विचार करा, असे सुचवले. भेट जेमतेम सहा मिनिटांची झाली असेल. मला मधुमेह आहे हे त्यांच्या कागदावर लिहिलेले होते; पण प्रमाण इतके कमी का, हा प्रश्न त्या सहा मिनिटांत आला नाही. माझ्याही तोंडून तो निघाला नाही.

त्या रात्री पत्नीने विचारले, "पहिल्यापासूनच असं आहे का रे?" मी नाही म्हणालो. चूर्णाचीही गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा होतं आणि आता नाही. मग ते गेलं कुठं?" हाच प्रश्न काही दिवसांनी तज्ज्ञांनी अधिक शास्त्रीय भाषेत विचारला.

पुण्यातील पुरुष वंध्यत्व पाहणाऱ्या एका मूत्ररोगतज्ज्ञांची वेळ २० फेब्रुवारीची मिळाली. तपासणी शुल्क एक हजार रुपये होते. जाताना मी दोन्ही अहवाल, गेल्या तीन वर्षांचे एचबीए१सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचे) कागद आणि चालू औषधांच्या पट्ट्या अशी फाइल करून नेली, आणि तिचा उपयोग झाला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मुतखड्यासाठी किंवा लघवीसाठी एखादी गोळी चालू आहे का, असा. टॅमसुलोसिन, सायलोडोसिन या गोळ्या मूत्राशयाच्या मानेचे, म्हणजे त्याच्या तोंडाशी असलेल्या भागाचे, स्नायू सैल करतात आणि त्यामुळे काही पुरुषांचे वीर्य बाहेर येणे थांबते. गोळी बंद केली की ते बहुधा पूर्ववत होते. माझ्याकडे तशी गोळी नव्हती. दुसरा प्रश्न होता, "संबंधानंतर पहिली लघवी होते, ती गढूळ दिसते का?"

ती गढूळ दिसत होती. गेली दोन वर्षे दिसत होती. ताकाचे पाणी दिसते तशी. मी ती लघवीतली साखर समजत होतो.

त्यानंतर त्यांनी कागदावर एक आकृती काढली. ती मी जपून ठेवली आहे. त्या आकृतीवरून जे समजले ते शक्य तितके नीट लिहितो, कारण हे कळल्यानंतरच माझी भीती अर्धी झाली.

ताठरता, स्खलन आणि कामसुखाचा कळस या तीन वेगवेगळ्या क्रिया आहेत. एरवी त्या एकापाठोपाठ घडतात म्हणून आपल्याला एकच वाटतात. ताठरता येते ती कण्याच्या अगदी खालच्या भागातून निघणाऱ्या परानुकंपी (आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या) मज्जातंतूंमुळे. कळस ही मेंदूला होणारी जाणीव आहे. मधले स्खलन स्वतःच दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात, अधिवृषणाच्या (अंडकोषाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीच्या) शेपटीत साठलेले शुक्रजंतू शुक्रवाहिनीच्या स्नायूंच्या आकुंचनाने वर ढकलले जातात आणि प्रोस्टेटमधून जाणाऱ्या मूत्रमार्गात येऊन पोहोचतात. तेथेच प्रोस्टेटचा आणि शुक्राशयांचा (मूत्राशयामागच्या दोन ग्रंथींचा) स्राव येऊन मिळतो. हे काम पाठीच्या खालच्या मणक्यांजवळून निघणारे अनुकंपी मज्जातंतू (तशाच आपोआप काम करणाऱ्या तंतूंचा दुसरा गट) करतात, आणि त्याच क्षणी तेच मज्जातंतू मूत्राशयाची मान घट्ट आवळून धरतात. दुसऱ्या टप्प्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सेकंदाहून थोड्या कमी अंतराने आकुंचन पावतात आणि साठलेले वीर्य बाहेर फेकले जाते. मागचा रस्ता मानेमुळे बंद असतो, म्हणून ते पुढे जाते. "तुमच्यात मान आवळत नाही," डॉक्टर म्हणाले, "मग वीर्य सोपा रस्ता धरतं. उतार मागं आहे, ते मागं जातं." वीर्य मूत्राशयात जाते आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जाते. याला उलट स्खलन म्हणतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत अनुकंपी मज्जातंतू क्षीण झाल्याने ते होऊ शकते. प्रोस्टेटच्या किंवा पोटातल्या काही शस्त्रक्रियांनंतर आणि कण्याच्या दुखापतीनंतरही होते. त्याने शरीराला अपाय होत नाही. अडते ते मूल होण्याचे.

मी विचारले, की मग ०.३ मिलिलिटर तरी कशाचे येत होते? वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा आकारमानाने पाच टक्क्यांच्या आसपास असतो. सुमारे दोनतृतीयांश भाग शुक्राशयांचा असतो. त्यात फ्रुक्टोज असते आणि बाहेर पडल्याबरोबर वीर्याला घट्टपणा आणणारी प्रथिनेही असतात. उरलेला बराचसा भाग प्रोस्टेटचा, आणि त्यातील विकर (एन्झाइम) पंधरा ते तीस मिनिटांत तो घट्टपणा पुन्हा पातळ करते. म्हणून प्रयोगशाळेत नमुना आल्यावर थोडा वेळ नुसता ठेवतात. सुरुवातीच्या थेंबांत प्रोस्टेटचा स्राव आणि बहुतेक शुक्रजंतू असतात, शुक्राशयांचा स्राव नंतर येतो. त्यामुळे नमुना घेताना पहिला थेंब डबीबाहेर सांडला, तर ते प्रयोगशाळेला प्रामाणिकपणे सांगावे. शरमेने गप्प बसल्यास अहवाल फसवा येतो. मूत्रमार्गाच्या कडेच्या लहान ग्रंथींचाही थोडा स्राव असतो. माझ्या डबीत जे आले होते ते असे उरलेसुरले होते.

त्यानंतर शारीरिक तपासणी झाली. लाकडी मण्यांच्या माळेशी तुलना करून अंडकोषांचा आकार पाहिला, तो दोन्ही बाजूंना व्यवस्थित होता. दोन्ही शुक्रवाहिन्या बोटांना लागल्या. काही पुरुषांत त्या जन्मतःच नसतात आणि तेव्हाही प्रमाण कमी व शुक्रजंतू शून्य, असाच अहवाल येतो, म्हणून हे चाचपून पाहणे महत्त्वाचे असते. या तपासणीला दोन मिनिटे लागली आणि संकोच वाटला तेवढा त्रास काही झाला नाही. एफएसएच (शुक्रजंतू तयार करायला लावणारे संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन यांसाठी रक्त दिले, सोनोग्राफी झाली. सगळे ठीक होते.

निदान पक्के करणारी तपासणी ५ मार्चला झाली. ती अगदी साधी आहे: आधी लघवी करून मूत्राशय रिकामे करायचे, मग स्खलन, डबीत जे येईल ते द्यायचे, आणि त्यानंतरची लघवी दुसऱ्या डबीत वेगळी द्यायची. मात्र ती तेथेच जाऊन द्यावी लागते. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर. खंबाटकीचा घाट मोकळा असला तरी एस.टी.ने अडीच तास, आणि लघवीत शुक्रजंतू फार काळ टिकत नाहीत. नमुना घेण्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. रेक्झिनचा सोफा, एक कॅलेंडर, हात धुण्याचे बेसिन, आणि अशी कडी की जी लावल्यावरही दार बोटभर उघडे राहत होते. मी सोफ्याची उशी दाराला लावून ठेवली. बाहेर कुणीतरी मोबाइलवर गॅस सिलिंडरची चौकशी करत होते. पहिल्या प्रयत्नात काही जमले नाही, आणि हे सांगायला मी खाली गेलो तेव्हा प्रयोगशाळेतील बाईंनी मान वर न करता सांगितले, की अर्ध्या लोकांचे पहिल्यांदा होत नाही, चहा पिऊन या. हे त्यांनी इतक्या कोरडेपणाने सांगितले, की मला हायसे वाटले.

तासाभराने त्यांनीच मला आत बोलावले. लघवी यंत्रात फिरवून तळाशी बसलेला गाळ त्यांनी काचेवर घेतला होता. सूक्ष्मदर्शकातून पाहायला आधी काही दिसेना, चष्मा काढून पाहिले, मग दिसले: फिकट पिवळ्या प्रकाशात बारीक टाचण्या विखुरल्यासारखे शुक्रजंतू, शेकड्यांनी. बहुतेक निश्चल पडलेले होते. कडेच्या एका कोपऱ्यात दोन-तीन शेपट्या हलत होत्या, पुढे सरकत नव्हत्या, नुसत्या थरथरत होत्या. "आम्लात मरतात हो," बाई म्हणाल्या, "लघवी आम्ल असते ना. तयार होतायत चांगले." मी खुर्चीवरून उठलो तेव्हा चष्मा तेथेच विसरलो आणि परत जाऊन घेतला. घरी फोन केला तर पत्नी म्हणाली, "सापडले ना?"

उपचाराची पहिली पायरी औषधाची होती. मूत्राशयाची मान आवळावी म्हणून इमिप्रामिन नावाची, मूळची नैराश्यासाठीची, गोळी कमी मात्रेत दिली. त्याआधी तीनशे रुपयांचा ईसीजी काढला, कारण मधुमेह असलेल्या माणसाला ती आपल्या मनाने घेण्यासारखी नाही. तोंड कोरडे पडायचे आणि पहिले दोन आठवडे कचेरीत दुपारी झोप यायची. त्याच काळात लोकसभेची निवडणूक होती; साताऱ्याचे मतदान ७ मे रोजी झाले आणि मी पंचायत समितीत नोकरीला असल्याने निवडणुकीचे काम होतेच. जांभया देत मतदान यंत्रांच्या पेट्या मोजल्या. याच तीन महिन्यांत साखरेवर लक्ष दिले. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि अधिवृषणातून पुढे सरकायला आणखी काही दिवस, म्हणून आज सुधारलेल्या साखरेचा परिणाम दिसायला तीन महिने थांबावेच लागते. एचबीए१सी ८.६ वरून ७.४ वर आले. ११ जूनच्या तपासणीत वीर्याचे प्रमाण ०.५ झाले आणि त्यात थोडे शुक्रजंतू दिसले, पण नैसर्गिक गर्भधारणेची आशा धरावी असे ते नव्हते. काहींना औषधाने पूर्ण गुण येतो. मला आला नाही.

म्हणून दुसरा मार्ग धरला: लघवीतूनच शुक्रजंतू काढायचे, धुवायचे आणि पत्नीच्या गर्भाशयात सोडायचे, म्हणजे आययूआय. यासाठी वेगळ्या केंद्राकडे जावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये संमत झालेला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू असलेला सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा अशा केंद्रांना लागू आहे. त्यांना नोंदणी सक्तीची आहे. दर्शनी भागात लावलेले नोंदणी प्रमाणपत्र आधी पाहून घ्यावे. कागदपत्रांत दोघांची आधार कार्डे, विवाह नोंदणीचा दाखला, छायाचित्रे, आणि दोघांच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची) या तपासण्या मागितल्या. आमच्याकडे विवाह नोंदणीचा दाखला नव्हता, फक्त पत्रिका होती. ती चालत नाही. दाखला काढण्यात जुलैचे बारा दिवस गेले, तेव्हा ज्यांनी काढला नसेल त्यांनी तो आधीच काढून ठेवावा. आरोग्य विम्याचे पुस्तकही मी उघडून पाहिले. वंध्यत्वावरील उपचार वगळलेल्या बाबींमध्ये स्पष्ट लिहिलेले होते.

जुलैच्या शेवटी केंद्राने एक रंगीत तालीम करून घेतली. लघवीची आम्लता घालवण्यासाठी आदल्या रात्री आणि सकाळी सोडिअम बायकार्बोनेटच्या गोळ्या, ठरावीक वेळी ठरावीक पाणी, आणि दर वेळी पट्टी बुडवून पीएच पाहायचा. तो साडेसातच्या वर गेल्याशिवाय पुढे जायचे नाही. खाण्याचा सोडा म्हणजे निरुपद्रवी, असे समजून हे घरी करू नये; रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांना त्यातील सोडिअम बाधते. या तालमीत माझी स्वतःची एक चूक झाली. सकाळी इन्शुलिन घेतले आणि वेळापत्रक पाळण्याच्या नादात नाश्ता अर्धवट सोडला. त्या तिसऱ्या मजल्यासारख्याच एका खोलीत बसलो असताना हाताला कंप सुटला, घाम आला. मोजून पाहिले तर साखर ६४. खिशात पारले-जीचा पुडा होता, तो संपवला आणि वीस मिनिटे नुसता बसून राहिलो. बाहेरून दारावर टकटक झाली तेव्हा मी 'साखर उतरलीय' असे ओरडलो, आणि उत्तर आले, "सावकाश होऊ द्या." मधुमेही माणसाने या दिवसाचे इन्शुलिनचे गणित आपल्या डॉक्टरांकडून वेगळे लिहून घ्यावे.

तालीम मात्र यशस्वी झाली. लघवी दिल्याबरोबर ती लगेच आत नेली, फिरवली, पोषक द्रवात दोनदा धुतली, आणि पन्नास लाखांच्या आसपास हलणारे शुक्रजंतू हाती आले. हे प्रमाण आययूआयसाठी बेताचे होते. त्यातील दोन कुप्या त्यांनी राखीव म्हणून गोठवून ठेवण्याचे सुचवले, म्हणजे ऐन दिवशी मला जमले नाही तर हाताशी काहीतरी असावे. त्याच्या अर्जात एक रकाना होता: पतीचा मृत्यू झाल्यास साठवलेल्या नमुन्याचे काय करावे. दोन चौकोन, नष्ट करावा किंवा पत्नीच्या निर्णयाधीन ठेवावा. आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. पत्नीने पेन हातात घेतले आणि मग माझ्यापुढे सरकवले. शेवटी आम्ही तो रकाना कोरा ठेवून पुढची पाने भरली, आणि समुपदेशक बाईंनी तो परत आमच्यापुढे ठेवल्यावर भरला.

पहिला आययूआय २० ऑगस्टला झाला. प्रत्येक वेळी सोनोग्राफ्या, औषधे आणि प्रक्रिया मिळून चौदा हजार रुपये लागले. मला वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात आणि ऑगस्टपर्यंत त्यांतील दोनच उरल्या होत्या. पुढे अर्जित रजा घातली. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिले आणि कुणी विचारले नाही. पंधरा दिवसांनी पाळी आली. दुसऱ्या वेळी बीज फुटण्याचा दिवस १७ सप्टेंबर निघाला, म्हणजे अनंत चतुर्दशी. पुण्यातील मिरवणुकीचे रस्ते बंद होणार म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळीच येऊन स्वारगेटजवळ लॉजमध्ये राहिलो. पहाटे पाचला उठून गोळ्या, पाणी, पट्टी. रस्त्यावर ढोल-ताशाची पथके जमत होती आणि मी दर अर्ध्या तासाने पट्टीचा रंग बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहत होतो. रिक्षावाल्याने तिप्पट पैसे घेतले. हाही प्रयत्न गेला. त्या रात्री पत्नी रडली आणि मी रडलो नाही. याचे मला तेव्हा बरे वाटले होते, आता वाटत नाही.

ऑक्टोबरची फेरी आम्ही सोडली. डॉक्टरांनी तिसऱ्या प्रयत्नानंतर आयसीएसआयचा विचार करू असे सांगितले होते. त्यात प्रत्येक स्त्रीबीजात एकच शुक्रजंतू सोडतात, त्यामुळे थोडे असले तरी भागते, पण खर्च दीड ते दोन लाखांचा. आम्ही दिवाळीत पतपेढीच्या कर्जाचा अर्ज आणून ठेवला. तिसरा आययूआय १२ नोव्हेंबरला झाला. विधानसभेच्या निवडणुकीचे प्रशिक्षण सुरू होते आणि त्या दिवसाची सुट्टी मिळवण्यासाठी मला वैद्यकीय कागद जोडावा लागला. कागदावर केंद्राचे नाव छापलेले होते; साहेबांनी ते वाचले, सही केली आणि म्हणाले, "जाऊन या." त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. घरी आईचा उपास होता, आणि आम्ही पुण्याला कशासाठी जातो हे तिला माहीत नसतानाही तिने डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली होती. ती मला चालत नाही हे ती वीस वर्षे विसरत आली आहे. या वेळी धुतल्यानंतर सत्तर लाख हलणारे शुक्रजंतू मिळाले. २० नोव्हेंबरला मतदान केंद्रावर काम केले, २७ ला रक्ताची तपासणी झाली आणि ती होकारार्थी आली. ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली.

सगळा हिशेब मी वहीत ठेवला होता. पत्नीच्या सुरुवातीच्या तपासण्या नऊ हजार, माझ्या अकरा हजार, डॉक्टरांच्या भेटी सहा हजार, तीन आययूआय बेचाळीस हजार, प्रवास व मुक्काम नऊ हजार, गोठवण्याचे आठ हजार. एकूण पंचाऐंशी हजार रुपये. चूर्णाचे चोवीसशे त्यात धरलेले नाहीत. उलट स्खलन माझ्यात अजून आहेच. इमिप्रामिन बंद केले, प्रमाण पुन्हा पूर्वीइतके झाले, आणि मूल नको असेल तेव्हा त्यावर उपचार करण्याची गरज नसते, असे डॉक्टरांनी सांगितले. मधुमेहाच्या वार्षिक तपासणीत मात्र मी आता तो मुद्दा स्वतःहून सांगतो, कारण जे मज्जातंतू मूत्राशयाची मान सांभाळतात त्यांच्याच जातीचे मज्जातंतू हृदयाचे ठोके आणि उभे राहिल्यावरचा रक्तदाब सांभाळतात. यंदा तेही तपासून घेतले.

गेल्या आठवड्यात केंद्राचे पत्र आले. गोठवलेल्या दोन कुप्यांचे नूतनीकरण करायचे आहे. कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, वार्षिक शुल्क वेगळे. सोबत तोच अर्ज आहे, त्याच रकान्यासह. तो फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे. या वेळी पत्नीने पेन्सिलीने एका चौकोनात खूण करून ठेवली आहे, आणि शेजारी माझ्यासाठी लिहिले आहे: शाईने तू कर.